गाळलेली ओळ

आमच्या दुकानात एक नियम आहे आणि तो मीच घातलाय. फॉर्म भरून झाला की सही करण्याआधी मी तो गिऱ्हाइकाला वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवते. समोरचा कितीही घाईत असो, "अहो बाई, बरोबरच असेल, द्या इकडे" म्हणत कागद ओढो, मी सोडत नाही. तळाची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा वाचते. झेरॉक्सच्या दुकानात बावीस वर्षं काढली, पण मी भरलेला फॉर्म चुकीसाठी परत आला असं एकदाही झालं नाही. बाई एक अक्षर गाळायची नाही, असं लोक सांगतात. आमचे मालकही सांगतात, आणि मालक सहसा कुणाचं चांगलं बोलत नाहीत.

हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई खोटारडी दिसते. तर तशी मी नाही. म्हणजे, नव्हते.

माझ्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत संगीत शिकवायचा, तेव्हापासूनचं नाव. मीही मास्तरच म्हणते. सात वर्षांपूर्वी त्याची नजर कडेकडेनं जायला लागली. आधी जिन्याच्या पायऱ्या दिसेनात, मग वर्तमानपत्र, मग माझा चेहरा. आता खोलीत उजेड आहे की नाही, एवढंच कळतं. शाळेची नोकरी सुटली. पण घरात गॅलरी बंद करून केलेली एक खोली होती. तिच्यात कीबोर्ड, माइक, दोन स्पीकर आणि कॉम्प्युटर. तिथे बसून तो नाचाच्या वर्गांना, व्यायामाच्या वर्गांना, बाहुल्यांच्या खेळांना संगीत करून द्यायचा. वाजवणारा तो. पण वाजवलेलं कॉम्प्युटरवर पकडायचं, कापायचं, एकावर एक रचायचं, ते सॉफ्टवेअर सगळं चित्रांचं. शंभर बटणं, आणि प्रत्येकावर माऊस नेऊन धरायचा. ते काम माझं.

रोज संध्याकाळी सात ते नऊ आम्ही दोघं त्या खोलीत, दोन खुर्च्यांवर. मला त्यातली नावं कुठली येणार? मग आमची आमची भाषा झाली. आवाज कमी-जास्त करायचं बटण म्हणजे शेगडी. "तिसरी शेगडी मंद कर," तो म्हणायचा. आवाज घुमवायचा असला की न्हाणीघर. "बासरीला थोडं न्हाणीघर लाव. एवढं नको गं, बुडाली बिचारी!" मास्तरची भाची एकदा हे ऐकून पोट धरून हसली होती. म्हणाली, "मामी, तुम्ही संगीत करता की स्वयंपाक?"

खरं सांगू का, बाकीच्या वेळात आम्ही फार बोलत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, बोलून बोलून माणूस बोलणार किती? पण त्या दोन तासांत तो माझ्याकडे मान वळवून बसायचा. मी काय म्हणते ते सगळं ऐकायचा. दुकानात कोण आलं, कोण भांडलं, मधे मधे सगळं निघायचं. दिवसभर मी त्या दोन तासांची वाट बघायचे. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. असं कोण कुणाला सांगत बसतं?

उलट सांगितलं ते भलतंच. तोंड माझं, दुसऱ्या कुणाला दोष देऊ? एक दिवस दुकानात फॉर्मांची झुंबड होती, पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं. आणि मास्तरनं घंटेचा एक ठोका माझ्याकडून चौदा वेळा मागेपुढे सरकवून घेतला. "केसभर डावीकडे. नाही, परत उजवीकडे. अजून केसभर." चौदाव्या वेळी मी माऊस आपटला.

"मी काय जन्मभर तुझा माऊस होऊन बसू?" मी ओरडले. "मला माझा काही जीव आहे की नाही?"

त्यानं चाचपून स्पीकर बंद केले आणि विचारलं, "चहा टाकू?" चहा तो हातानं अंदाज घेत उत्तम करतो. मी चहा प्यायले, डोकं शांत झालं, आणि मला वाटलं, संपलं. आमच्यात माझं ओरडणं हे असंच असतं, आलं आणि गेलं. यावेळी ते त्याच्या मनात राहिलं, हे मला कुठं माहीत?

दुसऱ्या दिवशी त्यानं भाचीला फोन केला. ही त्याच्या बहिणीची मुलगी, दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरचंच काम करते, आणि मामा म्हणजे तिचा जीव की प्राण. रविवारी ती हजर. तिनं कॉम्प्युटरची आतली सगळी व्यवस्था काढून टाकली आणि लिनक्स नावाची नवी बसवली. तिचं म्हणणं, ही फुकट, ही कुणाच्या मालकीची नाही, आणि मुख्य म्हणजे हिच्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज आयताच येतो. बटण दाबताच तो आवाज बोलायला लागला. कोरडा, पुरुषी, कुठेही न थांबणारा. घरात परका माणूस येऊन बसल्यासारखं वाटलं, म्हणून मी त्याचं नाव पाहुणा ठेवलं.

भाचीनं मास्तरच्या फोनमध्येही पाहुणा बसवला. "मामा, कुठल्याही कागदाचा फोटो काढायचा, हा वाचून दाखवेल."

मास्तर हसला. म्हणाला, "कागद वाचायला माझ्याकडे माणूस आहे."

मला बरं वाटलं. पण लगेच पुढचं ऐकलं. "बाहुलीवाल्या बाईंचं काम महिनाअखेर द्यायचंय," तो म्हणाला. "ते मी एकट्यानं करणार. मला एकट्याला चालवता येईल असं संगीताचं सॉफ्टवेअर यात मिळालं, तर ही खोली राहील. नाही मिळालं, तर कीबोर्ड शाळेला देऊन टाकतो. कुणाला जन्मभर बसवून ठेवायचं नाही मला."

रागानं नाही हं. हवापाण्याचं बोलावं तसं बोलला. आणि मी, जी एरवी एका शब्दाला चार शब्द देते, ती दाराशी ओला टॉवेल घेऊन नुसती उभी.

भाची चार सॉफ्टवेअरची यादी देऊन गेली. सगळी लिनक्सवर चालणारी, सगळ्यांची नावं जिभेवर न बसणारी. मास्तरनं त्यांनाही टोपणनावं ठेवली. उतरवून घ्यायचं, बसवायचं, पडद्यावर कुठं काय आहे ते सांगायचं, हे मलाच करावं लागलं. म्हणजे बघा, माझ्याशिवाय चालेल असं काहीतरी शोधायला मीच हवी होते.

पहिलं होतं शोकेस. दिसायला काय देखणं! रंगीत दिवे, चकचकीत बटणं, मी दोन मिनिटं बघतच राहिले. पाहुण्याला त्यात सोडलं तर तो म्हणाला, "बटण. बटण. बटण. बटण." कशाचं बटण ते त्याला कळेना. मास्तर म्हणाला, "हा तर माझ्यापेक्षा आंधळा निघाला."

दुसरा होता कारखाना. त्यात म्हणे सगळं होतं, नाही ते विचारा. पाहुणा पुढच्या दारातून रुबाबात आत शिरला, यादी वाचली, खाती वाचली, आणि जिथं खरं काम, तिथं जाऊन मुका झाला. तीन संध्याकाळी मास्तर त्या कारखान्यात भिंती चाचपत फिरला. तिसरं होतं खेळणं, तयार ढोल आणि तयार टाळ्या. ते त्यानं दहा मिनिटांत बंद केलं. म्हणाला, हे डोळे असते तरी मला जमलं नसतं.

असे नऊ दिवस गेले. त्याची मान रोज थोडी खाली जायची. जेवताना त्याच्या बोटांची हालचाल बघवायची नाही, टेबलावर नसलेली बटणं दाबत असायची. आणि मी? मी देवाशपथ त्या नऊ दिवसांत एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. जे होतं ते वाचलं. मला त्याची दया येत होती, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर बंद करताना कुठंतरी हलकंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. माणसाचं मन म्हणजे काय, सांगता येत नाही.

चौथ्याचं नाव मास्तरनं तार ठेवलं. चित्र नाही, बटण नाही, नुसता काळा पडदा. त्यावर छोटं वाक्य टाइप करायचं, एंटर दाबायचं, की खाली उत्तराची एक ओळ येते. पूर्वी तार करायचे तसं, चार शब्दांत काम. 'तिसरा आवाज निम्मा कर' असं लिहिलं की निम्मा. मास्तरला टाइपिंग तोंडपाठ. पाहुण्याला वाचायला नुसती अक्षरं, त्याचीही सोय. अर्ध्या तासात मास्तरनं बासरीला स्वतःच्या हातानं न्हाणीघर लावलं.

आणि तो हसला. शाळेत असताना पोरांचा सूर एकदम जुळला की तो असा हसायचा. सात वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. खरी बायको असती तर आनंदानं नाचली असती. मी "छान" म्हणाले आणि कुकर लावायला उठले.

पण तारेत एक गोम निघाली. कॉम्प्युटरला आवाज बाहेर काढायला आत एक भाग असतो, साउंड कार्ड. संगीत सुरू झालं की तार ते कार्ड अख्खं आपल्याकडे ओढून घ्यायची, आणि पाहुण्याची बोलती बंद. संगीत थांबवलं की पाहुणा परत बोलायला लागायचा. म्हणजे संगीत ऐकायचं तर डोळे नाहीत, आणि डोळे हवे तर संगीत नाही.

भाचीला फोन केला. ती ऑफिसच्या कामासाठी परगावी निघालेली, गाडीत बसता बसता म्हणाली, "मामा, एका अंध माणसानंच याच्यावर सगळं लिहून ठेवलंय, लिंक पाठवते. पाहुण्याकडून वाचून घ्या."

मास्तर म्हणाला, "नको. पाहुणा वाचतो म्हणजे सामानाची यादी वाचतो. हिच्याकडून ऐकतो."

मला पडद्यावर फार वाचवत नाही, म्हणून दुकानात बारा पानं छापून आणली. संध्याकाळी दोन खुर्च्यांवर बसलो. मी फॉर्म वाचते तसं वाचायला लागले, शब्दन्‌शब्द. तो डोळे मिटून ऐकत होता. सहा पानं झाली. सातव्या पानाच्या मध्यावर लिहिलं होतं, 'वाचणारा आवाज आणि संगीत एकाच कार्डावर ठेवू नका. आवाजासाठी यूएसबीचं वेगळं छोटं साउंड कार्ड लावा, अगदी साधं चालेल, मग दोन्ही एकदम ऐकू येतील.'

यूएसबीचं छोटं साउंड कार्ड म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. आमच्या दुकानात झेरॉक्सबरोबर फोनची कव्हरं, चार्जर, वायरी असलं सगळं मिळतं. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर तिसऱ्या खिळ्याला त्याची तीन पाकिटं लटकलेली होती. अंगठ्याएवढी वस्तू.

मी ती ओळ डोळ्यांनी वाचली आणि तोंडानं पुढची वाचली.

ठरवून केलं का? नाही. जीभ आपोआप उडी मारून गेली. पण पान उलटताना मला कळलं होतं की काय झालंय, आणि मागे जायला एक क्षण होता. मी गेले नाही. बारावं पान संपल्यावर मास्तरनं विचारलं, "उपाय काही नाही दिलेला?"

"दिसत नाही," मी म्हणाले.

तो म्हणाला, "ठीक. जमेल तसं करू."

आणि करायला लागला. संगीत थांबवायचं, पाहुण्याला विचारायचं आपण कुठं आहोत, ते पाठ करायचं, संगीत सुरू करायचं, आणि मग पुढची चार-पाच वाक्यं मुक्या पडद्यावर अंदाजानं टाइप करायची. पायऱ्या मोजत काळोखात जिना उतरावा तसं. मी दुकानातून यायचे तेव्हा त्याचा शर्ट पाठीवर भिजलेला असायचा. तरी काम पुढे सरकत होतं. बाहुल्यांच्या खेळातल्या लंगड्या म्हाताऱ्याची चाल झाली, गाढवाचं रुसणं झालं, राणीचं घोरणं झालं. राणीच्या घोरण्याला मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

मधेच अडला की हाक यायची. "अगं, जरा बघतेस का? काय लिहून आलंय?" मी ओल्या हातानं धावायचे. खुर्ची ओढून बसायचे, वाचून दाखवायचे, जरा जास्तच वेळ थांबायचे. मला ते आवडत होतं. लाज वाटते सांगायला, पण आवडत होतं.

रोज दुकानात ती पाकिटं समोर. रोज ठरवायचे, आज नेते, म्हणते की आत्ताच कळलं. मग वाटायचं, उद्या. एकाला ते पाकीट विकलंसुद्धा, त्यालाही वापरायचं कसं ते नीट समजावून सांगितलं. परक्याला सांगताना जीभ कशी सुरसुर चालते बघा.

अकराव्या दिवशी घरी आले तर गॅलरीतून काहीच आवाज नाही. मास्तर खुर्चीवर, हात मांडीवर.

"गेलं सगळं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"संगीत चालू होतं. राणीचा शेवटचा तुकडा बिघडला होता, तेवढाच काढायला सांगितला. तार प्रश्न विचारते, मला पाठ आहे. मला वाटलं तिनं विचारलं, बाकीचं ठेवायचं ना? मी हो म्हटलं. तिनं विचारलं होतं, सगळं पुसायचं ना? एक ओळ वर-खाली झालो होतो मी. ऐकू येत नव्हतं ना."

"दुसरीकडे कुठं ठेवलं नव्हतंस?"

"दुसरी प्रतही त्याच कप्प्यात होती. अकरा दिवसांचं गेलं. म्हातारा, गाढव, राणी, सगळे." त्यानं कीबोर्डवरून एकदा हात फिरवला, वाजवला नाही. "याचं खोकं माळ्यावर आहे ना? सवडीनं काढून ठेव."

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. ओरडायला आलं असतं तर बरं झालं असतं. मास्तर उठला, माझ्या पायाला अडखळला, म्हणाला, "अरे, इथं बसलीस होय? चहा टाकतो." मी त्याचं सगळं घालवलं, आणि तो माझ्यासाठी चहा टाकत होता.

सकाळी दुकान उघडलं. आठ-दहा माणसं रांगेत होती. मी तिसऱ्या खिळ्यावरचं पाकीट काढलं, मालकांना म्हटलं घरी जाऊन येते, आणि रांग तशीच सोडून निघाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मालक मागून काहीतरी ओरडले, मी ऐकलं नाही.

मास्तर टेबलाशी बसला होता. मी पाकीट त्याच्या हातात ठेवलं. त्यानं प्लॅस्टिकवरून बोटं फिरवली, टोक चाचपलं.

"आणलंस शेवटी," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"तू वाचलंस त्याच्या तिसऱ्या दिवशी कळलं. तारेला द्यायच्या एका वाक्यातली अक्षरं बघायची होती, तू दुकानात होतीस. म्हणून ते पान पाहुण्याकडून वाचून घेतलं. तो काही गाळत नाही."

"आणि आठ दिवस गप्प बसलास?" आता मात्र माझा आवाज चढला. चोर तो चोर वर शिरजोर, दुसरं काय! "तोंड शिवलं होतं का? एक शब्द बोलला असतास तर काल हे झालं असतं का?"

"पहिल्यांदा वाटलं, चुकून राहिली असेल," तो शांतपणे म्हणाला. "मग आठवलं, तुझ्याकडून चुकून काही राहत नाही. मग वाटलं, आज सांगेल. संध्याकाळी पिशवी ठेवल्याचा आवाज आला की वाटायचं, आज आणलं असेल. काल दुपारपर्यंत वाटत होतं."

"अरे, पण मागायचं ना माझ्याकडे!"

"मागून घेतलं असतं तर मग काय उरलं असतं?"

मी त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसले. म्हटलं आता लपवण्यासारखं काय राहिलंय. "मला या खुर्चीवरून उठायचं नव्हतं रे," मी म्हणाले. "तुला ते सॉफ्टवेअर यायला लागलं असतं तर माझं काय काम होतं इथं?"

"तूच म्हणालीस, जन्मभर माऊस होऊन बसणार नाही."

"रागात म्हटलं होतं! माझं तोंड तुला आजचं माहीत आहे का? चेहऱ्यावरून कळत नव्हतं तुला, की नुसताच राग आहे?"

"तुझा चेहरा मला दिसत नाही गं," तो म्हणाला. "मला फक्त तू जे बोलतेस तेवढंच असतं."

मी रडले. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला आणि काढून घेतला. मग पाकीट फोडून ती अंगठ्याएवढी वस्तू स्वतःच कॉम्प्युटरला लावली. तिला एक इयरफोन जोडला, एका कानात पाहुणा आणि खोलीभर संगीत. दोन्ही एकदम. बारा पानांत लिहिलं होतं तसंच झालं, एक अक्षर चुकीचं नव्हतं.

उरलेल्या नऊ दिवसांत त्यानं सगळं नव्यानं केलं. म्हातारा आधीपेक्षा छान लंगडला म्हणे. बाहुलीवाल्या बाई घ्यायला आल्या, ऐकून टाळ्या वाजवल्या, आणि विचारलं, "मास्तर, एकट्यानं केलंत हे?"

"एकट्यानं," तो म्हणाला.

मी चहाचे कप घेऊन उभी होते. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, सुटलात हो तुम्ही!" मी हसले. हसावंच लागतं.

आता त्याच्याकडे भरपूर काम असतं. गॅलरीचं दार लावून घेतो, कारण माइकमध्ये स्वयंपाकघरातली भांडी येतात. खरंच येतात, खोटं नाही. दुसरी खुर्ची आता स्वयंपाकघरात आहे, वरच्या फळीवरचे डबे काढायला उपयोगी पडते. तो माझ्याशी वाईट वागत नाही. आवाज चढवत नाही, टोमणा मारत नाही, एकदाही त्या ओळीचं नाव काढलेलं नाही. भांडला असता तर मी भांडले असते, आणि काहीतरी मिटलं असतं. जो भांडतच नाही, त्याच्याशी मी काय करू?

परवा शाळेकडून त्याच्या निवृत्तीवेतनाचं पत्र आलं. मी म्हटलं, "वाचते, ऐक." तो समोर बसला. मी वरपासून वाचलं. जावक क्रमांक वाचला, तारीख वाचली, मजकूर वाचला, सहीखालचं नाव, हुद्दा, तळाची बारीक अक्षरं, कोपऱ्यातलं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. दुकानातसुद्धा मी इतकं सावकाश वाचत नाही. तो मान तिरकी करून ऐकत होता.

"बरं," तो म्हणाला. पत्र मागून घेतलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि आत गेला. दार लागलं.

मी भांडी घासायला लागले. थोड्या वेळानं दारामागून फोननं फोटो काढल्याचा आवाज आला. आणि मग पाहुणा. कोरडा, न थांबणारा. जावक क्रमांक, तारीख, मजकूर.

मी नळ बंद केला आणि साबणाच्या हातानं दाराशी जाऊन उभी राहिले. शेवटपर्यंत ऐकलं. सही, हुद्दा, बारीक अक्षरं, छापखान्याचं नाव. मी एक अक्षरही गाळलं नव्हतं. दार वाजवून त्याला हे सांगावं म्हणून हात उचलला. पण त्यानं ते आत्ताच ऐकलं होतं. मी परत जाऊन नळ सोडला.